आठच्या बातम्यांच्या आधी

९ ऑक्टोबर

साल्किन एजे गेली. चॅनेलवरच्या आम्हा सगळ्यांची थोरली बहीण. पहाटे, दवाखान्यात.

अख्ख्या देशाला रात्री आठच्या बातम्या सांगणारी बाई – आणि तिचीच बातमी सांगायला कुणाची जीभ रेटेना! संपादकबाई म्हणाल्या, "आठपर्यंत दाबून ठेवते, कुबात. त्याआधी तिच्या गावी, आत-बाशीला पोच. तिच्या आईला, झूरा आपाला टीव्हीवरून कळलं, तर आपल्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

आईला अशी बातमी फोनवर द्यायची नसते. वडीलधाऱ्यांनी जाऊन, आडवळणानं, कवनातून सांगायची. मी कॅमेरावाला. मला बोलता येत असतं तर कॅमेऱ्यामागे कशाला गेलो असतो!

निघतो.

१० ऑक्टोबर

सांगितलं. आठच्या आधी सांगितलं. पण कसं!

चूक माझीच. वाटेत गावातले वडीलधारे ओमोर आके आणि त्यांच्या जोडीचे दोन म्हातारे गाडीत घेतले, आणि गाडी कुठली आहे हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. चॅनेलची! ती दारात म्हणजे लेक घरी आली – सगळं गाव ओळखतं. फाटकाशीच बोर्सोकचा, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचा वास. वळणावरून गाडी दिसली असणार, म्हणून कढई चढवली असणार. पिठाच्या हातांनी आपा धावत आली. "साल्किन आली! माझी साल्किन आली!"

उतरलो मी. मागून पांढऱ्या टोप्यांतले तीन म्हातारे. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

ओमोर आकेंनी घसा खाकरला. "झूरा, तू हातावर वाढवलेला ससाणा फार उंच गेला गं. इतका उंच, की आमची नजर पुरेना..." पुढचं त्यांनाच बोलवेना. गदगदून रडायला लागले.

"बोला, आके," आपा म्हणाली. "अर्धवट ठेवू नका."

त्यांनी पुरं केलं. आपानं मला आत बसवून आधी चहा दिला. आठ वाजता टीव्ही लावायला लावला. बातमी संपेपर्यंत बघितली, मग भिंतीकडे तोंड करून विलाप सुरू केला.

१२ ऑक्टोबर

आज माती दिली. चॅनेलचा फोन – "कुबात, आपाचा चेहरा जवळून घे." नाही घेतला! एजेच म्हणायची, "रडणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा धरलास तर बोटं मोडीन." नोकरीच्या पहिल्याच दिवशी आम्ही चार तास चढून कुरणावर गेलो आणि मी बॅटरी विसरलो होतो. साहेबांना म्हणाली, "मीच सांगायला विसरले." खोटारडी! माझी नोकरी, माझं घर, सगळं त्या एका खोट्यावर उभं आहे. उपकार फेडायचे कुठे आता?

पुरुष शोकासाठी उभारलेल्या तंबूबाहेर काठ्यांवर वाकून हंबरडा फोडत होते. मी लांब उभा. ओमोर आके आले, हातात काठी दिली. "इथं काय करतोस? भावांच्या रांगेत ये."

पोटभर रडलो. बरं वाटलं.

१५ ऑक्टोबर

भेटायला येणारी माणसं संपत नाहीत. अक्सायचा एक मेंढपाळ आला, मेंढा घेऊन. "आमच्या पुलाची बातमी चार वेळा दिली तिनं. मंत्री कंटाळला, ही बया काही कंटाळली नाही!" आपा हसली. डोक्याचा रुमाल तोंडाला लावून हसली.

घरात रोज तेलाचा वास. गेलेल्या माणसाला तोच पोचतो म्हणून. पाहुणा आला तरी बोर्सोक, माणूस गेलं तरी बोर्सोक.

२ नोव्हेंबर

आठ वाजले. बातम्या नवी मुलगी देते. वाईट नाही. एजेनंच शिकवलेली.

१७ नोव्हेंबर

चाळिसावा झाला. पातेली घासता घासता आपाची माफी मागितली. चॅनेलची गाडी आणली, तुम्हाला खोटी आशा लावली म्हणून.

"कसली आशा, पोरा? दवाखान्यातल्या मुलीनं सकाळीच फोन केला होता. साल्किनच्या फोनमध्ये पहिला नंबर माझाच ना. बोर्सोक तिच्यासाठीच तळत होते."

"मग तसं ओरडत का धावलात?"

"तुला गाडीचं दार उघडायला वेळ लागला. तेवढ्यात एकदा म्हणून घेतलं."