डबीत राहिलेला मोती

आई, आज सराफ्यात मोत्यांची माळ घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात आले, तेव्हा तूच मागून ढकललंस असं वाटलं. ट्यूबलाइटखाली मोती बघायचा नाय, दुकानातला उजेड दुकानदाराच्या बाजूनं असतो, हे तुझंच बोलणं. लेकीच्या लग्नासाठी तन्मणी घ्यायचाय. दुकानदार भला माणूस, पांढऱ्या कापडावर माळ फिरवून दाखवत होता, भोकाच्या कडेला पापुद्रा सुटलाय का बघा म्हणत होता. मी आपला सरळ मोती दाताला लावला. लेक ओशाळली. "मम्मी, तोंडात काय घालतेस?" दुकानदार हसला. "घासू द्या ताईंना. आजकाल कुणी करत नाय, लेकिन तरीका पक्का हाय." बारीक रेती लागावी तसा रवाळ लागला. खरा होता.

तुझी ती एकेका मोत्याची कानातली. लासूर स्टेशनच्या बाजारात त्यातला एक मोती कुठंतरी गळून पडला आणि बाबांनी त्या जागी काचेचा बसवून आणला. मी तेव्हा शाळेत होते. चुलीपुढं बसवून तू दोन्ही मोती माझ्या दाताला लावलेस. "ह्यो रवाळ लागतोय, ह्यो खरा. ह्यो गुळगुळीत, ह्यो नकली. ध्यानात ठेव, लई कामाला येतं." मग नकली कशाला घालतेस, असं मी विचारते, आणि तू भाकर उलथत हसतेस. "कानातला कोण चावून बघतंय?"

तू गेलीस त्या सकाळी घरात माणूस मावत नव्हता. आत्यानं तुझ्या कानातली काढली, एकातला मोती उपसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "आईच्या तोंडात ठेव, सोन्याच्या मण्यासंगं. आटप, माणसं खोळंबलीत." कोणत्या कानातला, हे तिलाही ठाऊक नव्हतं. दाताला एकदा लावला असता तर तिथंच कळलं असतं. पण तुझ्या तोंडात जायचा मोती, तो मी उष्टा कसा करू? तसाच ठेवला. दुसरा डबीत राहिला.

तेव्हापासून तू स्वप्नात येतेस. बोलत नाहीस. जिभेनं काहीतरी घोळवत असतेस, दातावर घासतेस, थांबतेस आणि माझ्याकडं बघतेस. जन्मभर जिनं पारखल्याशिवाय काही घेतलं नाही, तिला मी काय देऊन पाठवलं, हे मला ठाऊक नाही. मला तुझी भीती वाटते, आई, आणि आईची भीती वाटावी याची लाजही वाटते. डबीतला मोती दाताला लावला असता तर लगेच निकाल लागला असता. तो गुळगुळीत निघाला तर खरा तुझ्यासोबत गेला. रवाळ निघाला तर तुझ्या तोंडात काच. म्हणून इतकी वर्षं डबी उघडलीच नाही.

आज सराफ्यातून आल्यावर उघडली. लेकीला सगळं सांगितलं. ती चहाचा कप हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी मोती पुढच्या दाताला लावून हळूच घासला. रेतीसारखा करकरला.

"काय लागलं?"

"गुळगुळीत," मी म्हणाले.

"मग आजीला खराच गेला की. उगाच जीव जाळत होतीस." तिचा चेहरा इतका मोकळा झाला की मला पुढं बोलवेना. तिनंच डबी मिटली आणि कपाटात ठेवली.

आता तुझा खरा मोती तिथं नकली म्हणून पडलाय. माझी वेळ आली की हाच माझ्या तोंडात ठेवावा, म्हणजे येताना तुझा तुला आणून देता येईल, असं दुपारपासून मनात घोळतंय. पण लेक तुझीच नात आहे. आईच्या तोंडात नकली मोती ती ठेवायची नाही. तिला खरं सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.