राजीनामा मंजूर केल्याबद्दल आभार

नौबाद, बीदर
रविवार, दुपार

तीर्थरूप भीमण्णा अण्णांना,

धाकट्या महेशकुमारचे शरणु शरणार्थी. तुमची तब्येत ठणठणीत असेल, महानंदा वहिनींचा गुडघा या थंडीत कुरकुरत नसेल आणि नवी म्हैस दुधाला बरी निघाली असेल, असं धरून पुढं लिहितो. (म्हशीचं शैलश्रीनं विचारायला सांगितलंय. तिला माझ्यापेक्षा म्हशीची काळजी जास्त आहे आणि हल्लीची माझी अवस्था बघता ते बरोबरच आहे.) इकडं आम्ही सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे. शैलश्री खुशाल आहे, तिचं कॉलेजात शिकवणं चालू आहे. मी अजिबात खुशाल नाही.

मी नोकरी सोडताना कंपनीतल्या सगळ्यांना लिहिलेलं निरोपाचं पत्र शैलश्रीनं तुमच्या मोबाइलवर पाठवलं, आणि ते तुम्ही प्राथमिक शाळेच्या गुरुजींकडून मराठीत करून घेऊन आपल्या कोहिनूर गावाच्या चौकात वाचून दाखवलंत, असं समजलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. अण्णा, पाणी येण्यासारखंच ते होतं, पण कारण वेगळं होतं. ‘जड अंतःकरणानं, पण समाधानानं निरोप घेतो’ या वाक्यातलं जड तेवढं खरं होतं. काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली भाकरी उतरायची नाही.

आमच्या कंपनीचं काम तुम्हाला ठाऊक आहे. आकाशात विमानं एकमेकांना धडकू नयेत म्हणून खाली बसून त्यांना रांगेत लावायचं असतं, त्यासाठी लागणारी यंत्रं आणि माणसं आम्ही पुरवतो. (गावात अजून मला पायलट समजतात. नरसिंगमामा मी विमानाचा कंडक्टर आहे असं सांगतात, ते त्यातल्या त्यात खरं आहे.) हैदराबादच्या ऑफिसात मी चांगला उपाध्यक्ष होतो, काचेची केबिन होती, केबिनबाहेर माझं नाव होतं. मग नेत्रावती मॅडम नावाच्या नव्या मुख्य अधिकारी आल्या. बाई वाईट नाहीत, पण शिक्षण परदेशात झालेलं. त्यांनी एका मीटिंगमध्ये पडद्यावर तक्ता लावला, आणि त्या तक्त्यात माझ्या हाताखालचं प्रशिक्षण केंद्र दुसऱ्याच कुणाच्या नावाखाली गेलेलं होतं. आधी एक शब्द नाही. आपल्याकडं गोठ्याचं दार पूर्वेचं पश्चिमेला करायचं झालं तरी थोरल्या माणसाला विचारतात, तो काही का सांगेना. मला राग आला आणि मी रुसलो.

इथं तुम्हाला आपल्या लेकीच्या, चैत्राच्या लग्नातली गोष्ट आठवायला हवी. आहेराच्या वेळी नरसिंगमामांच्या आधी दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं गेलं, म्हणून मामा बॅग उचलून बसस्टॉपकडं निघाले होते. कसे निघाले होते ते आठवा. पोरगं रांगत आलं असतं तरी त्यांना गाठलं असतं. वाटेत ते चप्पल सारखी करायला थांबले, मग झाडाखाली टोपी झटकायला थांबले, तरी कुणी येत नाही म्हटल्यावर आल्या-गेल्याला वेळ विचारत उभे राहिले. शेवटी तुम्ही, मी आणि हातात झारा घेऊन आचारी असे धावलो. मामा नको म्हणाले, आपण हात धरला. मामा परत नको म्हणाले, आपण बॅग काढून घेतली. मग मांडवात येऊन त्यांनी सगळ्यांत जास्त गव्हाची गोड हुग्गी खाल्ली आणि मान राहिला. मी राजीनामा लिहिला तो असा लिहिला. पाठवल्यावर केबिनचं दार मुद्दाम उघडं ठेवलं, की धावत येणाऱ्याला ढकलायचे कष्ट नकोत.

चहा निवायच्या आत मॅडमचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या निर्णयाचा आम्ही मनापासून आदर करतो. अण्णा, आदर इतकी वाईट गोष्ट जगात दुसरी नाही. आदर केला की माणूस हात धरत नाही, बॅग काढून घेत नाही, नुसता बाजूला होऊन वाट देतो. मी दिवसभर दार उघडं ठेवून बसलो. आत आला तो एसी दुरुस्त करणारा, आणि त्यानंही दार लावून घ्या म्हणून सांगितलं.

राजीनामा मंजूर झाला की सगळ्यांचे आभार मानणारं ते निरोपाचं पत्र लिहायचं असा तिथला रिवाज. आपल्याला ज्यांनी घालवलं त्यांचेच आभार आपण मानायचे. लिहायला बसलो तेव्हा दात-ओठ खात होतो. पण एकेक नाव लिहीत गेलो आणि काय सांगू, खरोखरच भडभडून आलं. टॉवरवर रात्रपाळी करणारी पोरं, वादळात माझ्या भरवशावर यंत्रं चालू ठेवणारे लोक, माझ्या डब्यातली शेंगाचटणी संपवणारे सगळे डोळ्यांपुढं आले. पोराबाळांचं घर सोडावं तसं मला झालं. एवढं सगळं चांगलं होतं तर रुसलास कशाला, हे तिथंच लिहायला हवं होतं, पण ते लिहायची जागा त्या पत्रात नसते.

आणि पुढचं ऐका. निरोपाच्या कार्यक्रमात मॅडम स्वतः माझ्याजवळ आल्या. नव्या टॉवरचं काम पुरं होईपर्यंत सल्लागार म्हणून थांबाल का, असं त्यांनी सरळ विचारलं. अण्णा, माझं काळीज टुणकन उडालं. आणि तोंड काय म्हणालं? “नको, नको, उगीच कशाला तुम्हाला त्रास.” पाहुण्याच्या घरी पहिल्या फटक्यात चहाला हो म्हणणारा माणूस आपल्या घराण्यात जन्मलाय का कधी? नको म्हणायचं, मग बसायचं, मग पुन्हा नको म्हणायचं आणि मग बशीत ओतून प्यायचं, हे आपल्याला आईच्या मांडीवर शिकवलेलं. मी दुसऱ्या वेळची वाट बघत हसऱ्या तोंडानं उभा राहिलो. मॅडम म्हणाल्या, मी समजू शकते. आणि केक कापायला वळल्या.

तिथं हे समजणारा एकच माणूस होता, आमच्या विभागातला अमरनाथ, आपल्या बीदरकडच्या ठाणाकुशनूरचा. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. “सर, काय करायलाव तुम्ही? कामून नको म्हणलाव? त्यान्ला आपल्याकडलं कळत न्हाई की!” मी म्हटलं, मग तू जाऊन सांग त्यांना. तो म्हणाला, मला लाज वाटतीय. मग त्यानं मला केकचा तुकडा दिला, मी नको म्हटलं, त्यानं हात धरून तो माझ्या तोंडात कोंबला. इतक्या वर्षांच्या नोकरीच्या शेवटी मला आग्रह झाला तो एवढाच.

यातली सगळ्यांत कडू गोष्ट अशी की हे मीच लोकांना शिकवत होतो. आमच्या धंद्यात एक शब्द एकदाच बोलायचा, समोरच्यानं तो तसाच म्हणून दाखवायचा, आणि त्याचा अर्थ एकच. उतरू का म्हणून विचारणाऱ्या विमानाला नाही म्हटलं की ते मुकाट्यानं पुढं निघून जातं. अहो असं कसं, आलात तर थोडं उतरून जा, असं त्याला कुणी म्हणत नाही. म्हटलं तर काय होईल ते मी तक्ते काढून पोरांना दाखवायचो. नेत्रावती मॅडमनी फक्त माझंच शिक्षण माझ्यावर चालवलं.

आता मी नौबादच्या घराच्या गच्चीवर बसून असतो. शिकाऊ पायलटांची विमानं वरून जातात तेव्हा मी त्यांना हळूच सूचना देतो. परवा शैलश्री कपडे वाळत घालता घालता म्हणाली, “आता गप बसा की, त्यान्ला त्यांचं त्यांचं उतरता येतंय.” ती गमतीनं म्हणाली, पण मला रात्रभर लागून राहिलं. माझा फोन पूर्वी जेवू द्यायचा नाही, आता मीच तो मधूनमधून चालू आहे का बघतो. मला फार ओकंबोकं वाटतं अण्णा. एवढ्या मोठ्या माणसानं हे कुणाला सांगावं, म्हणून तुम्हाला सांगितलं.

वहिनींना शरणार्थी, चैत्राला आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
महेशकुमार

ता. क. ते निरोपाचं पत्र यापुढं चौकात वाचू नये. वाचायचंच असेल तर गुरुजींनी ‘समाधानानं’ हा शब्द गाळावा.

ता. क. (दुसरा) खरं म्हणजे हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात तुमचा फोन आला होता. तुरी यायलाय्त, दालमिलवर गाड्यांचा नुसता गोंधळ चाललाय, तू येऊन गाड्यांचं बघ, मिल तुझी बी हाय की, असं तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, नको अण्णा, मला काय जमणार ते. आणि तुम्ही ‘बरं’ म्हणून फोन ठेवलात. बरं? अण्णा, मॅडम परदेशात शिकल्या, तुम्ही कुठं शिकलात? तुम्ही तर कोहिनूरच्या बाहेर राहिलासुद्धा नाहीत! गेली कित्येक वर्षं दर उगादीला तुम्ही मला घरी ये म्हणत होता आणि मी नको म्हणत होतो, तेव्हा तुम्हीही विचारून दमला असाल, हे मला कळतं. पण तेव्हाचं नको खरं होतं, आताचं खोटं आहे. कृपा करून पुन्हा एकदा विचारा.

ता. क. (तिसरा) हे पत्र शैलश्रीनं वाचलं. ती म्हणते, भावजींना लिहा, त्यांनी विचारत बसू नये, सरळ मिलचा टेम्पो पाठवावा. टेम्पो नका पाठवू अण्णा, उगीच कशाला तुम्हाला त्रास.