लाइट आल्याच्या नोंदी

९ जुलै ९६, नोएडा
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर लेकीच्या, मनूच्या पहिलीतल्या वहीसारखं. आज उजव्या हाताचं प्लास्टर निघालं. कुलरच्या पात्यानं तळव्यातले दोन टेंडन तोडले, ते शिवले, त्याला सहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, "टाँके पक्के हैं. अब उँगलियाँ खोलिए." मधलं बोट आणि अनामिका तळव्याकडे वळून बसलीत. उघडायला गेलो की वाटतं, आत तट्‌कन तुटेल. नाही उघडली. ऑफिसात नकाशे काढणारा माणूस मी. हा हात गेला तर उरलं काय?
ला. गे. ६-४०. ला. आ. ७-५५. (लाइट गेली, लाइट आली. मे अखेरपासून रोज मांडतोय. का, ते विचारू नये.)

१२ जुलै
फिजिओथेरपी सुरू. चावलाबाई, पन्नाशीच्या, हात मऊ, जीभ तिखट. गाव विचारलं तर म्हणाल्या, "पानीपत." म्हटलं झालं, आता आमचं काय व्हायचं ते ठरलेलंच. टेबलावर तिकडचाच हातमागाचा टॉवेल पसरला. बोटांनी गोळा करायचा, मग बोटांनीच पसरायचा. गोळा झाला. पसरताना हात थांबला. टॉवेल घरी दिलाय. रोज दहा वेळा. हो म्हणालो.
ला. आ. ८-२०.

१६ जुलै
दहा कुठले, एकदाही नाही. बाईंना सांगितलं, करतो रोज. त्यांनी टॉवेल मागितला. घडी जशीच्या तशी. "यह तो आज ही दुकान से निकला लगता है." चाळिशीच्या माणसानं गृहपाठ न करता पकडलं जावं!
घरी शु.नं काही विचारलं नाही. बायको हल्ली काहीच विचारत नाही. लाइट गेली की आधी मेन स्विच पाडते, मग मेणबत्ती शोधते. त्या दिवशी तीच म्हणाली होती, "लाइट गेलीच आहे, तेवढ्यात कुलरचा पंप बघून घ्या ना." लाइट नाही तर स्विच कशाला बंद करायचा, असं मला वाटलं. हात आत, आणि लाइट आली.

२० जुलै
ला. आ. ८-१०. अख्ख्या सेक्टरातली पोरं ओरडली, "आ गई!" सगळ्यांना आनंद. मला छातीत धडधड, कपाळाला घाम, मूठ गच्च. नखं रुतली.
शु. फोनवर तिच्या आईला सांगत होती, "जीव मुठीत धरून बसतात हो." मनू नऊ वर्षांची, दिल्लीचीच. तिनं विचारलं, "मूठ म्हणजे मुट्ठी ना? मग बाबांनी मुट्ठी खोलली तर जीव उडून जाणार?" शु.नं तिला गप्प केलं. मला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. पोरगी बरोबर बोलली होती.

२४ जुलै
चावलाबाई म्हणाल्या, "अब यह हाथ की बीमारी नहीं रही. ऊपर वाली मंज़िल पे दिखा लो." वरच्या मजल्यावर मनोविकार विभाग. म्हटलं, मी काय वेडा आहे? "पागल होते तो डरते नहीं," म्हणाल्या.
शु.ला भीत भीत सांगितलं. ती म्हणाली, "मी येते बरोबर." महिन्याभरातलं तिचं सर्वांत लांब भाषण.

२९ जुलै
वर गेलो. डॉक्टर तरुण, पण घाईत नव्हता. "लाइट आते ही क्या होता है?" हे कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. सगळं सांगितलं, या वहीतल्या वेळांसकट. शु. शेजारी बसून रडली. "मीच म्हणाले होते पंप बघा." म्हटलं, अगं, स्विच माझ्या हाताशी होता, तुझ्या नाही. दोन महिने हे वाक्य कुठं अडकलं होतं कोण जाणे.
एक छोटी गोळी. श्वास मोजायचा. आणि कुलरशी पुन्हा ओळख करून घ्यायची, हळूहळू. आधी नुसता बघायचा.

३ ऑगस्ट
कुलरवरची चादर काढली. बघितला. गंजलाय बिचारा. दहा मिनिटं समोर बसलो, पळालो नाही. टॉवेल चारदा.

११ ऑगस्ट
कुलर लावला. चालू मी, बंद मी. शु. दारात हात जोडून उभी, कुणाला ते तिलाच ठाऊक. पहिल्या घरघरीला मूठ पूर्ण मिटली. पाचव्यांदा अर्धीच. टॉवेल दहा, शपथेवर. शु. आता मेन स्विच पाडत नाही, मीच सांगितलं.
बाईंनी बोटांचा कोन मोजला. "पंद्रह डिग्री ज़्यादा खुला. हम पानीपत वाले छोड़ते नहीं." म्हटलं, ते आम्हाला माहीत आहे.

१८ ऑगस्ट
वाईट दिवस. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. त्या आवाजानं मूठ पुन्हा पहिल्यासारखी. टॉवेल शून्य. वरच्या मजल्यावरचा डॉक्टर म्हणाला होता, मधूनमधून असं होईल, त्याला हरणं समजू नका. समजलोच, दुपारभर. संध्याकाळी शु.नं माझा हात मांडीवर घेऊन तेल चोळलं, एकेक बोट. बरं वाटलं.

३० ऑगस्ट
उजव्या हातानं लिहितोय. ओळ उतरणीला लागलीय, पण वाचता येतंय. अनामिका अजून वाकडी. पूर्ण सरळ होईल का ते चावलाबाई सांगत नाहीत, मीही खोदून विचारत नाही. सोमवारी ऑफिसला हजर व्हायचं. शाईची रेघ कशी येते ते तिथंच कळेल. भीती वाटतेय. तरी जायचंय.
संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडातच टॉवेल पसरत होतो, मनू मोजत होती. सात, आठ. नऊवर शु. म्हणाली, "अहो, मेणबत्ती विझवा आता." वर पाहिलं, पंखा फिरत होता. पोरं ओरडली असणारच.
ला. गे. ७-०५. ला. आ. बघायचं राहिलं.