साठ अंशांचा मॅटे

३ जून, दुपार
रेडिओवर रोजच्या निधनवार्ता वाचताना आज ओळखीतल्या एलिसेओ बारेतोचं नाव आलं. बावीस वर्षं वाचतोय, आवाज कधी हलला नव्हता. आज हलला. वय एकसष्ट. अन्ननलिकेचा कॅन्सर. डॉक्टर त्याला म्हणाले होते म्हणे, मॅटेच्या पानांना कशाला दोष देता, चाळीस वर्षं उकळतं पाणी घशाखाली ओतलंत तुम्ही.
मी एकोणसाठ. चहासारखा कढत मॅटे, रोज दीड लिटरचा थर्मास. मार्चपासून पाव गिळताना छातीत अडकतो.
निर्णय: आजपासून मॅटे बंद. विल-पॉवर माझ्याकडे भरपूर आहे.

३ जून, संध्याकाळ
डोकं फुटतंय. कुठलीही गोष्ट एकदम सोडणं शरीराला घातक. एक थर्मास घेतला. औषध म्हणून.

५ जून
थर्मामीटर आणला. पासष्ट अंशांच्या वर धोका, असं वाचलं. मी साठवर थांबणार. नीबिया म्हणाली, लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझा ताप कधी मोजला नाहीस. रेडिओ स्टेशनवर दार्विनने एक घोट ओढला आणि विचारलं, काय रे वाल्देमार, कुणाच्या आंघोळीचं उरलं होतं?

६ जून
थर्मामीटर ऐंशी दाखवतो. स्वस्तातला आहे, चढवूनच दाखवत असणार. वीस वजा करून पितो.

८ जून, रविवार
मेहुण्याकडे मांस भाजायचा बेत. तिसराच घास छातीत अडकला. खाली जाईना, वर येईना. अंगणात पळालो, संत्र्याच्या झाडाला धरून उभा राहिलो. संपलो, असं वाटलं. घाम, डोळ्यांत पाणी. मग उतरला एकदाचा. आत जाऊन सांगितलं, फोन आला होता. मेहुणा म्हणाला, फोन तर टेबलावरच आहे की तुझा. सगळे हसले. नीबिया हसली नाही.

११ जून
नंबर लावला. घशातून दुर्बीण घालून तपासणी, २५ तारखेला सकाळी साडेसातला. स्वतःहून. सगळ्यांना सांगितलं. माणसाने धीट असावं.

२३ जून
चार दिवस धड झोप नाही. नळी किती जाड असते, दार्विनला सहज विचारलं. म्हणाला, बागेला पाणी घालायची पाहिलीयस ना?

२४ जून
पूर्ण विचारांती ठरवलं: माझा नंबर नीबियाला द्यायचा. एकतीस वर्षं दोघं एकाच पेल्यातून पितोय, म्हणजे तिलाही धोका तेवढाच. पुरुषांनी कायम आपलंच पाहायचं का? तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं.
दवाखान्यात नाव बदललं. दुपारी छान झोप लागली.

२५ जून
बाहेर बसलो होतो. नंतर डॉक्टरांनी मलाही आत बोलावलं. आतला एक तुकडा तपासायला पाठवलाय म्हणाले. गिळायला त्रास कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी माझा मार्च सांगणार, तेवढ्यात नीबिया म्हणाली, जानेवारीपासून.
जानेवारीपासून. रोज माझ्या समोर बसून जेवते.

४ जुलै
रिपोर्ट. कॅन्सर नाही. पण पेशी बदलायला लागल्या होत्या. वेळेत आणलंत, बऱ्या होतील, असं म्हणून डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. नवरा असावा तर असा, म्हणाले. मेहुणा गळ्यात पडून रडला. मी म्हटलं, कर्तव्यच आहे. घरी येऊन न्हाणीघराचं दार लावलं आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

६ जुलै
नीबियाला खरं सांगितलं. भोपळा चिरत होती. म्हणाली, ठाऊक होतं रे मला. स्वतःच्या नावाने नंबर लावायची माझी छाती होत नव्हती, तुझा आयता मिळाला. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, आता तुझाही लावलाय. मंगळवारी, साडेसातला.
मी म्हटलं, मंगळवारी कसं? मंगळवारी लग्न करू नये, प्रवासाला निघू नये, सगळं जग सांगतं.
ती म्हणाली, आपलं लग्न मंगळवारीच झालं होतं.

८ जुलै, मंगळवार, सकाळी ६.५०
नीबिया गाडीत बसून हॉर्न वाजवतेय. खिडकीतून ओरडून सांगितलं, बूट सापडत नाहीयेत.
ती उतरून आत आली. नुसतं माझ्या पायांकडे पाहिलं.
बूट पायातच होते. नाड्या बांधलेल्या.