एक्केचाळीस कवितांचा मिरर

२ मार्च, सकाळी ८
अंगाचा तिळपापड झालाय. शाळेच्या जुन्या पुस्तकांतल्या कविता जपणारा तो ओपन सोर्स प्रकल्प. कोड खुला, कविता खुल्या, कुणीही भर घालावी. वर्षभर मी तिथे एक्केचाळीस कविता थेट टाइप केल्या, निव्वळ आठवणीतून. कागदावर उतरवतात ते विसराळू. आज संपादकबाईंचा मेल: यातल्या दोनच छापील पुस्तकांत सापडतात, बाकीच्या कुठेच नाहीत, तेव्हा तुमची ब्रँच, म्हणजे तुमच्या कवितांची वेगळी शाखा, आठ तारखेला काढून टाकू. बाईंचा जन्मही नव्हता, तेव्हा मी खडूच्या धुरळ्यात उभा राहून या कविता चालीवर म्हणत होतो!
निश्चय: अख्खी रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा सगळा साठा, घरच्या कॉम्प्युटरवर उतरवणार. मग काढा म्हणावं.

३ मार्च
सून याच कामातली. म्हणाली, बाबा, साधी कॉपी करून फोल्डरमध्ये टाका, विषय संपला. साधी! मी मिरर करणार. तिकडे जे असेल ते रोज आपोआप इकडे. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, असं तिने दोनदा बजावलं. शिकलेल्यांना शिकवण्याची फार हौस.

४ मार्च, दुपारी
चौसष्ट टक्क्यांवर अडकलंय. नेट सूनबाईंच्या मीटिंगने गिळलं. कॉम्प्युटरला चार शब्द सुनावले. पासष्ट झाले.

५ मार्च
फत्ते! एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आल्या. एकही उघडून वाचली नाही, पाठ असलेलं काय वाचायचं? 'तिकडे नसेल ते इथूनही काढावे' अशा चौकटीत खूण केली. आपल्याकडे अर्धवट काम नाही. वेळ रोज सकाळी सहा. बाईंना कळवलं: खुशाल काढा, गड माझ्या ताब्यात आहे.

८ मार्च, सकाळी ६.२०
ब्रँच तिकडून गेली. सहाच्या ठोक्याला इथूनही गेली. हुबेहूब. सून चहा ओतत होती, माझ्या कपात एक चमचा साखर जास्त घातली. ही साखर कशाची, ते मला कळतं.

८ मार्च, दुपारी
रडत बसणाऱ्यांतला मी नव्हे. वही घेतली. दोन कविता झरझर उतरल्या, चालीसकट. तिसरीत शाईची दौत सांडते. पुढे आभाळ येतं की पाटी?

९ मार्च
अजून दोनच. नेमक्या त्याच, ज्या बाईंना पुस्तकात सापडल्या. उरलेल्या एकोणचाळिसांतली धड ओळ नाही. पेन भिकार आहे. वहीच्या रेघाही हल्ली फार फिक्या छापतात.

१० मार्च, संध्याकाळी
बाईंना मेल केला. तीन ओळींत दोनदा 'कृपया'. आपल्याकडे प्रत असल्यास.
दहा मिनिटांत उत्तर: "आहे ना. काढण्याआधीच साधी कॉपी करून ठेवली होती. त्या दोन सोडून बाकीच्यांना कवी म्हणून तुमचं नाव घालू का?"
आगाऊपणाची हद्द झाली. तासभर येरझाऱ्या घातल्या.
'घाला' म्हणून कळवलं.