दाराचा मार

लिपोवेक, १४ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

सप्रेम नमस्कार. चिखलाच्या लेपानं गुडघा वाकायला लागला असेल आणि आरोग्यधामातल्या सगळ्यांना पत्त्यांत हरवूनही झालं असेल. आईनं हिवाळ्याचा कोबी आंबवायला घातलाय, घरभर वास आहे. मी मजेत. भुवईवर तीन टाके पडले, एवढंच. अँब्युलन्सचं दार लागलं.

तुम्ही हसणार, ठाऊक आहे मला. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

झालं असं की गेरार्ड आजोबांचा फोन आला, बायकोच्या छातीत दुखतंय म्हणून. मी पेटी घेऊन पोचले, तर हे दारात पाहुण्यांच्या सपाता घेऊन उभे.

"आधी बूट काढा. फरशीला आजच मेण लावलंय."

"आजोबा, आधी बाईंचं हृदय बघू, मग फरशीचं," म्हणत मी आत घुसले. त्यांनी हाक मारली म्हणून वळले, तर काठी थेट भुवईवर. रक्त त्याच फरशीवर सांडलं, म्हणजे पुसणं वाढलंच. ल्युत्सिनाबाई मात्र वाचल्या.

अँब्युलन्सच्या ठाण्यावर आमच्या साहेबांनी जखमेच्या नोंदीच्या कागदावर पेन्सिलनं 'दार' लिहूनच ठेवलं होतं. "नेहमीसारखं. म्हातारा माणूस आहे, कशाला वाढवतेस? सही कर."

आता कायदा आमच्या बाजूनं आहे, बाबा. कामावर असताना आमच्यावर हात उचलणं म्हणजे सरकारी अधिकाऱ्यावर उचलणं. पण कागदावर दारच असेल, तर कायदा काय दाराला धरून नेणार?

मी आठवडाभर सही टाळली. काल ल्युत्सिनाबाई स्वतः चीजकेक घेऊन आल्या. "त्याला कोर्टात उभं करू नकोस गं पोरी. घाबरला होता तो."

मला रडू आलं. खरंच घाबरले होते ते. पण मीही घाबरले होते, आणि आता प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर घाबरते.

मी म्हटलं, "पुन्हा दुखलं तर फोन करा. मीच येईन, बुटांसकट. पण काठी बसली ती मी लिहिणार."

त्या गेल्यावर 'दार' खोडलं, 'काठी' लिहिलं, सही केली. केक परत पाठवला, म्हणून ठाण्यावर माझ्याशी कुणी धड बोलत नाही.

बाबा, अँब्युलन्सवर असताना तुमचं नाक मोडलं आणि तुम्ही घरी 'दार लागलं' म्हणालात, तेव्हा मी सात वर्षांची होते. आई अजून अँब्युलन्सपासून दोन हात लांब उभी राहते, दार लागेल म्हणून. परत आलात की तिला सांगा, हात कुणाचा होता. मी शेजारी बसेन.

तोवर, त्या बिचाऱ्या दाराची माफी मागून,

तुमचंच नाक घेऊन जन्मलेली,
बोग्ना