निळ्या काचा, गहाण सायकल

२ मार्च १९६१, अमरावती
धंदा ठरला. लोकांच्या खिडक्यांच्या काचा निळ्या करून द्यायच्या. निळ्या काचेतून ऊन थंड होऊन आत येतं. अकोला स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये स्वतः अनुभवलं. तिथे पंखाही होता, पण हळू होता.
ही वही फक्त धंद्याची. इकडचं तिकडचं लिहायचं नाही.

३ मार्च
भांडवल उभं केलं. सायकल चंद्रभानकडे गहाण, साठ रुपये. ३० एप्रिलपर्यंत फेडले नाहीत तर सायकल त्याची. ताई म्हणाली, देवमन, सायकलीबिगर तू एका गावात आठ दिवस तरी राह्यशीन का रे? म्हटलं, धंदेवाला बसून कमावतो.

६ मार्च, बार्शीटाकळी
वार्निश घ्यायला अकोल्याला निघालो होतो. गाडीत एकाने इथल्या कुस्त्यांचं सांगितलं. कुस्त्या उद्याही आहेत. बाजार पाहणं हा धंद्याचाच भाग. काचेच्या खिडक्या मोजल्या. चार.

९ मार्च, अकोला
वार्निशचा डबा साडेअकरा रुपये. चार लागतील. दुकानदाराचा भाऊ पेंटर निघाला, म्हणून आधी बोर्ड केला: देवमन अँड कंपनी. कंपनीत अजून कोण, असं तो विचारत होता. बोर्डाचे बावीस गेले, कुस्त्यांपायी काही गेलेच होते. मग वार्निशला कुठून उरणार? एक सुतार म्हणाला, लाकूड चिकटवायच्या सरसात नीळ कालव, रुपयात काम. पाणी लागलं तर सुटते, असंही म्हणाला. उन्हाळ्यात पाणी कुठून लागणार? पाऊस जूनमध्ये.

१२ मार्च, अमरावती
सरस ताईच्या चुलीवर शिजवला. वासाने भाटवे, म्हणजे ताईचे यजमान, जेवले नाहीत. ताईने चूल दोनदा सारवली. मी आता गोठ्यात झोपतो. मोठी माणसं गोठ्यातूनच वर येतात.

२८ मार्च
पहिलं गिऱ्हाईक, पुंजाराम वकील. भाटव्यांनी शब्द टाकला म्हणून. बारा काचा बाहेरून रंगवल्या. काचेला दोन रुपये, पैसे महिनाअखेर. ऑफिसात निळा उजेड. एक पक्षकार म्हणाला, वकीलसाहेब, तुमची तब्येत बरी नाही का?

५ एप्रिल
वकिलांकडच्या पंचफुलाबाईने वाळ्याच्या ताट्या काढल्या, खिडक्यांबाहेर टांगल्या आणि बादलीने पाणी मारलं. दर उन्हाळ्यात मारते. सगळी अमरावती मारते. ताईकडची ताटी मीच भिजवतो. सुतारापाशी आठवलं नाही, एवढंच.
खिडक्या उघड्याच होत्या. गरम वारा सुटला, ताटीचं पाणी काचांवर आणि काचांवरून निळे शिंतोडे आत. वकिलांचं धोतर, भिंत, टेबलावरचा एका दाव्याचा अख्खा गठ्ठा. पंचफुलाबाई म्हणाली, काहून रे बाबू, माह्या लुगड्याले फुकटात नीळ देऊन राह्यला का?

६ एप्रिल
वकील ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. म्हणाले, अक्षर चांगलं आहे तुझं, बस इथे. एकशे चाळीस पानं परत लिहायची. नऊ ते सहा. पगार नाही, दुपारची भाकर आहे. नाही म्हणावं तर शब्द भाटव्यांचा.
रोज वीस पानं. सात दिवसांत मोकळा. मग नव्या काचा, मग सायकल.

१७ एप्रिल
एकतीस पानं झाली. दावा दोन भावांचा, बांधावरच्या कडूनिंबावरून. झाड एकदा बघून यायला पाहिजे, त्याशिवाय लिहिण्यात जीव येत नाही. वकिलांना विचारलं. त्यांनी दौत भरून दिली.

२४ एप्रिल
काचांवर निळे ओघळ सुकलेत. वकील म्हणाले, खरवडून टाक. बसल्या जागेसमोर तळहाताएवढं खरवडलं. रस्ता दिसतो. आज सहा पानं.

३० एप्रिल
चार वाजता खरवडल्या जागेतून चंद्रभान दिसला, माझ्या सायकलवर. खिडकीशी आला. साठ रुपये? म्हटलं, लिहून राह्यलो. तो म्हणाला, रिद्धपूरला चाललो, डबलसीट येतं का? त्याने चांगल्या मनाने विचारलं. आतून वकील खोकले. मी पंच्याऐंशीवं पान घेतलं. घंटी त्याला नीट वाजवता येत नाही, दोनदा दाबतो.
चालत घरी आलो. ताईने शिरा केला होता. म्हणाली, मोजलं मी, पन्नास दिवस झाले तुले अमरावतीत. राह्यता येते तुले.
शिरा चांगला झाला होता.